ओढ्याअलीकडचा कुडा

पासलीच्या ठकुबाईबद्दल चार शब्द चांगले बोलणारं माणूस गावात शोधून सापडलं नसतं. आणि खरं सांगायचं तर तिनंही कुणाबद्दल कधी चांगलं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. सकाळी दार उघडलं की आधी तोंड सुटायचं, मग केर निघायचा. शेजारणीची कोंबडी अंगणात आली तर शेजारणीच्या माहेरापर्यंत उद्धार व्हायचा. अशा बाईच्या दारात सगळा गाव पावसाळ्यात हात बांधून उभा राहायचा. गावाची केवढी पंचाईत, बघा. पण करतात काय, आवेचं औषध तिच्या हाती होतं.

वेल्ह्याच्या त्या वरच्या अंगाला आषाढ लागला की आव यायचीच. ओढ्याचं गढूळ पाणी, कोंदट घरं, पोटात नाचणीची आंबील. पोटाला मुरडा पडायचा, मग रक्त पडायचं, आणि चांगला धडधाकट गडी हां हां म्हणता उसाचं चिपाड व्हायचा. दवाखाना भोरला. पावसाळ्यात पासलीहून भोर गाठायचं म्हणजे आजाऱ्याला झोळीत घालायचं, चिखल तुडवायचा, आणि वाटेतल्या पाण्यापुढं बसून राहायचं. दवाखान्याच्या पायरीला माणूस लागायचा तेव्हा डॉक्टरला करण्यासारखं फारसं उरलेलं नसायचं. मग ठकुबाईच्या शिव्या परवडल्या.

औषध मूळचं तिच्या सासऱ्याचं, कोंडिबाचं. म्हाताऱ्याला दोन मुलगे. थोरला सावळाराम, ठकुबाईचा नवरा, भोळा. धाकटा चिमाजी, हातानं चलाख आणि जिभेनं त्याहून. मरायच्या आधी कोंडिबानं औषध दोघांपैकी एकालाही दिलं नाही, थोरल्या सुनेला दिलं. का, तर म्हणाला, "चिमा पैकं घील." एवढंच. चिमाजी ते ऐकत दारात उभा होता. बापानं भरल्या घरात असं म्हणावं, हे त्याच्या काळजात जन्मभर सलत राहिलं, आणि त्याची भरपाई तो भावजयीकडून वसूल करायला बघायचा.

त्या औषधाचा दंडकच तसा होता. दमडी घ्यायची नाही. झाडाचं नाव बाहेर सांगायचं नाही. साल ज्या दिवशी काढली त्याच दिवशी द्यायची. विकलं की गुण गेला. ठकुबाईनं वेल्ह्याच्या मेंगाईच्या पायावर हात ठेवून हे कबूल केलं होतं, आणि तोंडानं कितीही वाईट असली तरी या बाबतीत बाई धुतल्या तांदळासारखी होती. कुणी नारळ आणून ठेवला तरी तो त्याच्या पाठीत घालायला कमी करायची नाही.

झाड कुड्याचं. आता सांगायला हरकत नाही, पुढं ते सगळ्यांना कळलंच. पांढऱ्या फुलांचं ते झाड डोंगरात जागोजाग, पण औषधाला साल जुनी आणि जाड लागते. कोवळ्या फोकाच्या सालीत काही राम नसतो. आणि गावाजवळच्या उतारांवर जुनं झाड राहणार कुठून? तिथं भाताचं रोप धरायचं तर आधी राब भाजावा लागतो. चैत्रात झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाफ्यावर पसरायच्या, वर शेण आणि माती घालून पेटवायच्या. जळल्या जागेतच रोप जोमानं येतं. त्यामुळं ओढ्याच्या अलीकडची झाडं दरसाल बोडकी. नाही म्हणायला चिमाजीच्या वाटणीच्या उतारावर, टेपाडाच्या मागं, पाच-सात जुने कुडे कोंडिबानं राखले होते. म्हातारा गेला आणि पुढच्याच चैत्रात चिमाजीनं ते बुंध्यापासून तोडून राबाला लावले. ठकुबाई तिथं जाऊन ओरडली तेव्हा कोयता न थांबवता म्हणाला, "वैने, भात खायचं का झाडं बगत बसायचं?"

त्याच आषाढात ठकुबाईच्या साळूला आव लागली. एकुलती एक पोर, नुकती भाकरी थापायला शिकलेली. सावळाराम बैलं घेऊन भोरच्या बाजाराला गेला तो पाण्यामुळं तिकडंच अडकला. जुना कुडा आता फक्त ओढ्याच्या पल्याड, आणि पोरगी आईचा पदर सोडीना. ठकुबाईनं चिमाजीच्या हातात कोयता दिला. तो सकाळी गेला, दुपारी परत आला. हात रिकामे.

"वडा उतरू दीना, वैने."

"सोताच्या पोरासाठी उतरला असतास."

ओढा उतरला तेव्हा साळू नव्हती. सगळ्या गावाला औषध देणाऱ्या बाईच्या घरात औषधावाचून पोर गेली.

त्या दिवसापासून ठकुबाईनं चिमाजीच्या बांधापलीकडं पाऊल टाकलं नाही. घरं एकाला एक लागून, मध्ये एक भिंत. भिंतीअलीकडून ती त्याला रोज सकाळी एक शिवी द्यायची, देवाला पाणी घालावं तशी नेमानं. पुढं सावळाराम गेला तरी तो नेम चुकला नाही.

अशी वर्षं गेली. मग ती मोठी लढाई आली.

लढाईचं आणि पासलीचं काय नातं, असं वाटेल. पण भोरच्या बाजारातून आधी घासलेट गेलं आणि मागोमाग विलायती औषधं गेली. भोरला उपेंद्रराव म्हणून एकजण होते. पुण्याला औषधाच्या कारखान्यात काही वर्षं काढून आलेले, जाड भिंगांचा चष्मा, आणि स्वभाव असा की सरळ बोललं तरी भांडल्यासारखं वाटावं. ते म्हणायला लागले, "बोटीतून औषध येईल म्हणून वाट बघत मरायचं आणि औषधाचं झाड डोंगरात उभं. ही कसली अक्कल?" भोरच्या शहाण्या माणसांनी त्यांना वेड्यात काढलं. उपेंद्ररावांनी त्या सगळ्यांशी भांडण काढलं आणि विंझरला एक शेड घेतली. गुळाची जुनी मोठी काहील कुठूनशी पैदा केली, भट्टी बांधली, आणि कुड्याची साल उकळून आटवायला लागले. भोरात त्याला 'काढ्याचं गुऱ्हाळ' असं नाव पडलं.

गोळ्या झाल्या. पण डोंगरातली माणसं त्या घेईनात. म्हणून एका दुपारी उपेंद्रराव धापा टाकत पासलीला ठकुबाईच्या दारात आले.

"कोन तुमी?" ठकुबाईनं विचारलं. सूप पाखडणं चालूच.

"भोरहून आलोय. आवेच्या औषधाचं बोलायचं होतं."

"नाव सांगत न्हाई म्या झाडाचं."

"नाव मला माहीत आहे. कुडा."

झालं. ठकुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. सूप बाजूला गेलं. "ठावं हाय तर हितवर कशाला तंगडतोड केलीत? जावा की, बसा झाडं चाटत."

उपेंद्ररावही काही कमी नव्हते. "चाटायला आलो नाही. साल उकळून घट्ट घन करतो, त्याच्या गोळ्या वळतो. वाळलेली गोळी डबीत घातली की वर्षभर टिकते. तुमचे लोक माझ्या हातची घेत नाहीत, तुमच्या हातची घेतील. तुम्हाला नसेल जमत तर तसं सांगा, मला खाली उतरायचंय."

बाकीचं ठकुबाईनं ऐकलंच नाही. ती एका जागी अडकली होती.

"पावसात ऱ्हाती?"

"पावसातही राहते."

"वड्यापल्याड जायला नगं?"

"कशाला जायचं? डबी घरात, फळीवर ठेवायची."

ठकुबाई उंबऱ्यावर बसली. मान वळवून तिनं घरातल्या फळीकडं बघितलं. फळीवर मिठाचं मडकं होतं आणि साळूचं लहान जातं होतं, खेळण्यातलं. मग म्हणाली, "खोटं निघालं तर तुमच्या भट्टीत तुमालाच घालीन."

माहेर तिचं मार्गासनीला. थंडी पडल्यावर ती भावाच्या घरी जाऊन राहिली आणि रोज चालत विंझरच्या शेडवर जायला लागली. वाळलेली साल कुटायची, काहिलीत उकळायची, कपड्यातून गाळायची, पुन्हा आटवायची. आटत आली की वास असा सुटायचा की घशापर्यंत कडू व्हावं. लांब दांड्यानं ढवळत राहायचं, तळाला लागलं की सगळी काहील वाया. उपेंद्रराव येऊन गोळ्या वळणाऱ्या बायकांची नखं तपासायचे.

"माजी नखं माज्या बापानं तपासली न्हाईत," ठकुबाई म्हणाली.

"मग घरी जा."

ती घरी गेली नाही, नखं काढून आली. दोघांचं एक दिवस पटलं नाही. तरी जळण, पाणी, चाळण यांवरून तिच्याशी भांडल्याशिवाय उपेंद्ररावांचा दिवस मावळायचा नाही, आणि तिलाही त्यात एक सुख लागलं होतं. बरोबरीनं भांडणारं माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं.

फक्त एक गोष्ट होती. गोळ्या विकायच्या होत्या. जळण, डब्या, मजुरी काय आभाळातून पडते? ठकुबाईला ते कळत होतं. चैत्रात डब्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन पासलीला परतताना ती वेल्ह्यात मेंगाईपुढं थांबली. नमस्कार केला नाही. म्हणाली, "माजी साळू गेली तवा तू बगत बसलीस. आता म्या काय करती ते बी बगत बस."

गावाला ते कळायला कितीसा वेळ लागतो? त्यात गावातलाच कुंडलिक तर तिथं दर्शनाला आलेला. त्यानं जे ऐकलं त्यात आणखी थोडं घालून गावात सांगितलं. "ठकीनं देवीचं औषध बाजारात बसवलं." चिमाजीनं ओट्यावर बसून तोंडात तंबाखू धरली आणि म्हणाला, "आमचा म्हातारा म्हनायचा म्या पैकं घीन. बगा आता." मग गुण गेला, गुण गेला, असं घरोघर झालं. फुकट दिली तरी गोळी कुणी घेईना. बायका पाणवठ्यावर तिची घागर आली की आपल्या घागरी उचलून लांब जायच्या. ठकुबाईनंही कुणाला सोडलं नाही. पाणवठ्यावर उभं राहून एकेकीच्या सात पिढ्या काढल्या. असल्यानं औषध खपतं होय? पण तिला दुसरं काही येत नव्हतं.

पावसानं ताल धरला आणि कुंडलिकाच्या बायकोलाच आव लागली. कुंडलिक दारात आला, डोक्यावर इरलं, नजर खाली.

"म्हातारबाचं औषध द्या. सालीचं."

ठकुबाईनं डबी त्याच्या हातावर ठेवली. "तीच साल हाय रं. आटिवलीया नुसती. जा, आत्ताच्या आत्ता दे."

"ही नगं."

"फुकट घे."

"फुकट दिली म्हनून काय, इकलेलीच ना ती. गुण न्हाई त्यात."

तिनं समजावलं, शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले. ठकुबाईनं हात जोडलेले गावानं तेव्हाच काय ते पाहिले. कुंडलिकानं डबी अंगणातल्या उकिरड्यावर टाकली आणि तो तसाच उभा राहिला. त्याचा तरी काय दोष? लहानपणापासून सगळ्यांनी त्याला हेच सांगितलं होतं, आणि सगळ्यात जास्त ठकुबाईनंच सांगितलं होतं. शेवटी तिनं कोयता घेतला, इरलं घेतलं आणि ओढ्याच्या वाटेला लागली.

चिमाजी आपल्या ओट्यावर बसला होता. तिला तिकडं निघालेली बघून उठला. "वैने, अगं ऐक, टेपा..."

"तोंड घाल शेणात," ठकुबाई म्हणाली आणि थांबली नाही.

चिमाजी खाली बसला.

ओढा दोन्ही काठ धरून चालला होता. लाल पाणी, मधून आख्खी झाडं वाहत होती. ठकुबाईनं पाय घातला आणि पाण्यानं तो तिथल्या तिथं ओढून घेतला. एका मुळीला धरून ती कशीबशी काठावर आली. तिथंच बसली. संध्याकाळ झाली, रात्र गेली, पाऊस काही थांबेना. साळूच्या वेळचा ओढा असाच असणार, हे तिच्या ध्यानात आलं. इथं कुणाचा बाप उतरला नसता. चिमाजी खोटं बोलला नव्हता. एवढी वर्षं ज्या शिवीवर ती जगली त्या शिवीत काही उरलं नाही, आणि त्यामुळं तिला चिमाजीचा जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी पाणी जरा ओसरलं. ती पल्याड गेली, साल काढली, धावत आली, ताकात वाटून औषध दिलं. कुंडलिकाच्या बायकोनं दोन घोट घेतले, बाकीचे ओघळले. दिवस मावळायच्या आत ती गेली. गावानं काय ते ठरवून टाकलं. आता गोळी तर नाहीच, ठकुबाईच्या हातच्या सालीलाही गुण राहिला नाही. कुंडलिक तिच्या दारावरून जाताना थुंकून जायचा. त्याला मात्र ती उलटून एक शब्द कधी बोलली नाही.

त्यानंतर आवेनं चिमाजीला धरलं.

भिंतीपलीकडं त्याचं कण्हणं ऐकू यायचं. त्याची सून अंबूबाई भिंतीच्या कोपऱ्याशी येऊन हळूच म्हणाली, "थोरल्या आत्ती, मामंजींचं काई खरं न्हाई."

"मरू दे," ठकुबाई म्हणाली. घरात गेली. फळीवरची डबी घेतली आणि मागच्या दारानं त्याच्या घरात शिरली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. चिमाजी घोंगडीवर पडलेला, डोळे खोल गेलेले, पण जीभ शाबूत.

"कशाला आलीस?"

"तुजं तोंड बगायला. गोळी घे."

"इकलेली गोळी. म्या मरंन पर घेनार न्हाई."

"मर की मग. तुज्या मढ्याला खांदा द्यायला कोन येतंय ते बगती."

"तू नगं येऊस."

"म्या कशाला येती?"

एवढं बोलून ती चुलीपाशी गेली, अंबूबाईकडून ताक घेतलं आणि चार गोळ्या पाट्यावर चुरून त्यात कालवल्या. वाटी त्याच्या ओठाशी धरली. "वड्यापल्याडची साल हाय. म्हाताऱ्याचं औषध. गप पी."

बाहेर पाऊस मी म्हणत होता. चिमाजीनं तिच्याकडं बघितलं, मग वाटीत बघितलं. आणि गटागटा प्यायला. तिन्हीसांजेला पुन्हा, सकाळी पुन्हा. आठवड्यानं गडी ओट्यावर येऊन बसला आणि भिंतीकडं तोंड करून खाकरला. ठकुबाईनं आतून शिवी हासडली. दोघांचं सुरळीत सुरू झालं.

पण गावाला त्याचं निराळंच सुचलं. पावसाची उघडीप होती, चावडीत माणसं जमली होती. कुंडलिकानं विषय काढला. चिमाजी जुन्या औषधानं उठला, म्हणजे कोंडिबाच्या औषधात अजून जीव आहे. चिमाजी कोंडिबाच्या रक्ताचा म्हणून त्याला गुण आला, माझी बायको मात्र त्या बाईच्या हातामुळं गेली. तर तिच्याकडून देवीसमोर औषध काढून चिमाजीला द्यावं, आणि विंझरची डबी गावाच्या हद्दीत येऊ देऊ नये. माना हलल्या. चिमाजी मधोमध बसला होता. बापानं नाकारलेली गोष्ट गाव त्याच्या ओटीत घालत होता. त्यानं फक्त हो म्हणायचं होतं.

ठकुबाई कुणी न बोलवता चावडीत आली.

"साल न्हाई दिली म्या त्याला. गोळ्या दिल्या. इंझरच्या. ताकात चुरून."

सगळे एकदम बोलायला लागले. कुंडलिक उठून उभा राहिला. "देवीच्या नावाचं औषध म्हनून खोटं बोलून पाजलंस?"

"पाजलं. उठला का न्हाई तो?"

"ही खोटं बोलतीया," कुंडलिक चिमाजीकडं वळला. "चिमाजीतात्या, तुमी सांगा. साल व्हती का गोळी व्हती?"

डबी गावात राहणार की जाणार ते आता चिमाजीच्या एका शब्दावर होतं, आणि चिमाजीवर ठकुबाईनं कधी फुटक्या कवडीचा विश्वास ठेवला नव्हता. तिनं डोळे मिटून घेतले.

चिमाजीनं तंबाखू थुंकली. "गोळी व्हती. मला ठावं व्हतं."

"ठावं असून प्यालात?"

"वडा भरून चालला व्हता. ही पल्याडची साल आननार कुठनं? त्या पान्यात मानूस उतरत न्हाई. म्या बगितलाय तो वडा." तो जरा थांबला. "आन् मला मरायचं नव्हतं. म्हनून प्यालो."

साळूची गोष्ट प्रत्येकाला माहीत होती.

"न्हाई उतरत," ठकुबाई म्हणाली. "म्या बी बगितलाय." आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीअलीकडून शिवी आली ती नेहमीपेक्षा दणकून आली, कुणाचा गैरसमज व्हायला नको म्हणून.

त्यानंतर बायका यायला लागल्या. पुढच्या दारानं नाही, मागच्या. "चिमाजीतात्याला दिलं व्हतं त्ये जरा द्या." पैसे द्यायला अजूनही कुणी तयार नव्हतं, गुण जाईल याची धास्ती. मग ठकुबाईनं विंझरला जाऊन उपेंद्ररावांशी एक मोठं भांडण केलं आणि तोडगा काढला. डोंगरातल्या घरांनी पैसे द्यायचे नाहीत. थंडीत वाळलेली साल आणायची, पावसाआधी डबी न्यायची. साल आपलीच, गोळी आपलीच, मग विकलं कुठं? हे सगळ्यांना पटलं. पासलीतच नाही, आसपासच्या वाड्यांतही पटलं. पावसाळ्यात घराघरांत फळीवर डबी दिसायला लागली. ठकुबाईला शिव्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. पुढच्या दारी शिव्या, मागच्या दारी डबी, असा गावाचा व्यवहार ठरून गेला. कुंडलिक तेवढा आला नाही.

पुढं एका फाल्गुनात मात्र अडलं. ओढ्यापल्याडचे जुने कुडे सगळ्यांनी मिळून सोलून काढले होते. विंझरहून निरोप आला, काहील रिकामी आहे, साल नसेल तर यंदा डब्या नाहीत. ठकुबाई अंगणात बसून उपेंद्ररावांना, काहिलीला, कुड्याला, सगळ्यांना शिव्या घालत होती. भिंतीपलीकडून चिमाजी म्हणाला, "टेपाडामागनं ने."

"काय न्यू? तुजं कपाळ?"

"जाऊन तर बग."

कोयता घेऊन ती निघाली. चिमाजीच्या बांधापाशी क्षणभर थांबली आणि बांध ओलांडला. टेपाडाला वळसा घातला आणि बघतच राहिली. कोंडिबानं राखलेल्या जागी, तोडलेल्या त्याच बुंध्यांतून कुडे वर आले होते. मांडीएवढे जाड. एकाही फांदीला कोयता लागल्याची खूण नाही. आजूबाजूची बाकीची झाडं राबासाठी दरसाल छाटून खुंट झालेली आणि तेवढे कुडे डोक्याच्या वर गेलेले. तिनं एका खोडावर कोयत्याचं टोक मारलं. साल जुनी होती, जाड, आतून पिवळट. औषधाला हवी तशी.

काठी टेकत चिमाजी मागून आला.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"साळू गेली तवापासनं. कोयता लावला न्हाई."

ठकुबाई वळून बघत होती. टेपाडाच्या कडेवरून तिच्या घराचं छप्पर दिसत होतं. अंगणात अंबूबाई कुणाला तरी हाक मारत होती, ती इथं स्पष्ट ऐकू येत होती.

"मग कदी बोलला का न्हाईस, मेल्या?"

"बोलत व्हतो की," चिमाजी म्हणाला. "कुंडलिकाच्या बायकूच्या वक्ताला. तू कोयता घिऊन वड्याकडं चाललीस तवा. तूच म्हनलीस तोंड घाल शेणात."

ठकुबाईनं तोंड उघडलं. शिवी आली नाही. "मोठ्यानं बोलायचं व्हतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "हात धरून वडायचं व्हतं मला." आवाज तिचा तिलाच ऐकू येईना.

"म्या बी रागात व्हतो," चिमाजी म्हणाला.

तिनं बुंधे राखून जुन्या जाड फांद्या उतरवल्या आणि सावलीला बसून साल सोलली. चिमाजीनं भारा बांधायला वेल आणून दिला, तो तिनं घेतला. ऊन खाली आलं तेव्हा भारा डोक्यावर घेऊन ती निघाली. गावातून जायची वाट कुंडलिकाच्या दारावरून होती. आजवर ठकुबाईनं कुणाचं दार चुकवलं नव्हतं. त्या दिवशी ती वरच्या आडवाटेनं, काट्याकुट्यातून वळसा घालून घरी गेली.